लाकूड खाणारा सकर: हा नक्की कोणता, आणि आपल्या पाण्यात कसा सांभाळायचा?

मानपाडा_मत्स्य

मंडळी, एका सकरची, म्हणजे तोंडाने काचेला-लाकडाला चिकटणाऱ्या माशाची, ओळख पटवून हवी आहे. भावाने मुंबईच्या बाजारातून आणून दिला. दुकानदाराने सांगितलं, "टायगर सकर आहे, लाकूड खातो, वेगळं काही घालायची गरज नाही." माझी तीन फुटी टाकी आहे, आत कार्डिनल टेट्रा आणि कोरी हे लहान मासे.

मासा साधारण चार बोटं लांब. रंग काळपट तपकिरी, त्यावर मळकट पिवळे पट्टे. अंगावरचे पट्टे आडवे, म्हणजे पाठीवरून पोटाकडे उतरणारे, आणि रुंद, डोक्याकडे जाताना बारीक आणि वाकडेतिकडे होत जातात. शेपटीवरही पट्टे आहेत. दिवसभर लाकडाखाली दडून बसतो, दिवा मालवला की बाहेर. सकाळी वाळूवर भुश्याचा थर असतो. तो लाकडाचा की याच्या शीचा, तेही कळत नाही.

नेटवर शोधलं तर कोणी क्लाउन म्हणतं, कोणी रॉयल, कोणी पेकोल्टिया. रॉयल असेल तर माझी पंचाईत आहे. तो दीड फुटाच्या आसपास जातो म्हणे, आणि घरात आणखी मोठी टाकी आणायचा विषय काढायची सोय नाही.

फोटो टाकलाय, पण नीट आलेला नाही.

खवचट_खेकडा

लाकडाचा फोटो झकास आलाय. मासा कुठे आहे?

दुधीभोपळा

बरा धागा काढलात. माझ्याकडे पण "रॉयल प्लेको" आहे (प्लेको म्हणजे सकरच), ऐरोलीत एकाकडून साडेतीनशेला घेतला. लाकूड मात्र ढुंकून बघत नाही. काच चाटत बसतो. लक्ष ठेवतोय.

शेवाळताई

मानपाडा, नुसते पट्टे बघून नाव ठरवायला गेलात तर फसाल. पट्टेवाले सकर खंडीभर आहेत. तीन गोष्टी बघा, याच क्रमाने.

आधी पाठीवरचा पर. मासा तो पूर्ण उभारतो तेव्हा काड्या मोजा. पुढची जाड काडी सोडून मागे फाटे फुटलेल्या सात भरल्या तर तुम्ही योग्य गल्लीत आहात. पॅनाक, पॅनाकोलस, हायपोस्टोमस, पेकोल्टिया, सकरांच्या या सगळ्या गटांना सात. नऊ किंवा त्याहून जास्त, आणि पर शिडासारखा मोठा असेल, तर तो आपला नेहमीचा टेरिगोप्लिक्थिस. बाजारात "सकर" म्हणून सर्रास विकतात तो.

मग दात. काचेला चिकटला की बॅटरी लावून खालून बघा. लाकूड खाणाऱ्यांचे दात मोजके, जाड आणि टोकाला चमच्यासारखे पसरट. काई खरवडणाऱ्यांचे दात बारीक, पुष्कळ, ब्रशसारखे एका ओळीत. पेकोल्टियाचे असे असतात. क्लाउन आणि पेकोल्टिया पट्ट्यांवरून कितीही सारखे दिसोत, तोंड उघडलं की दोघांचा काही संबंध नाही.

शेवटी पट्ट्यांची दिशा. रॉयलच्या अंगावर रेषा लांबीच्या दिशेने जातात, डोक्यापासून शेपटीकडे. तुम्ही आडवे पट्टे म्हणताय, म्हणजे रॉयल बहुतेक बाद. तरी दात बघून सांगा.

दुधीभोपळा

ताई, माझ्या माशाच्या पराच्या काड्या मोजल्या. बारा. परत मोजल्या, बाराच. 🙁

खवचट_खेकडा

राजघराण्यात शिडं जरा मोठी असतात हो.

शेवाळताई

दुधी, तो टेरिगोप्लिक्थिस. वाईट वाटून घेऊ नका, मासा दणकट आहे, पण फूट-दीड फुटावर जाईल आणि लाकूड याचं मुख्य अन्न नाही. खरा रॉयल साडेतीनशेला कोणी देत नाही.

मानपाडा_मत्स्य

ताई, काल रात्री बॅटरी घेऊन बसलो. काचेवर येईना, म्हणून काकडीची चकती काचेला टेकवून ठेवली. शेवटी आला. काड्या सात. दात वरती मोजके, खालीही मोजकेच, टोकं रुंद आणि तपकिरी. वरच्या ओठाला लाकडाचा कीस चिकटलेला होता.

आणखी एक दिसलं. कल्ल्याच्या झाकणाजवळ बारीक काट्यांचा झुपका आहे. मी बॅटरी जवळ नेली तसा तो बाहेर फुलवला.

शेवाळताई

झालं तर मग. पॅनाकोलस मॅकस, क्लाउन प्लेको. एल-नंबर १०४, काही ठिकाणी १६२. तिसरं लेबल एलडीए-२२. तिन्ही नंबर एकाच माशाचे म्हणून चालतात, त्यामुळे नंबर वेगळा सांगून कोणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका.

घरी सांगा, नऊ-दहा सेंटिमीटरच्या वर जात नाही. तुमची तीन फुटी टाकी याला पुरेशी आहे. मूळचा ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला, व्हेनेझुएला आणि कोलंबियातला. १९९३ मध्ये नाव मिळालं तेव्हा पॅनाक म्हणूनच, मग २००१ मध्ये लहान जातींचा वेगळा गट झाला, तो पॅनाकोलस. म्हणून जुन्या याद्यांत पॅनाक मॅकस दिसेल. एकच मासा आहे.

काट्यांचा झुपका याच्या बऱ्याच नातलगांकडे कमी-जास्त असतो. भीती दाखवायला आणि कपारीत अडकून बसायला. याच कारणाने जाळीने पकडू नका. काटे जाळीत गुंततात, सोडवताना मासाही जखमी होतो आणि तुमची बोटंही. डबा पाण्यात बुडवायचा आणि त्यात ढकलायचा.

नेरुळी

एल-नंबर म्हणजे काय हे कोणी विचारायच्या आत सांगतो, कारण प्रत्येक धाग्यावर निघतं. दक्षिण अमेरिकेतून नवे सकर इतक्या झपाट्याने यायला लागले की शास्त्रीय नावं मागे पडली. तेव्हा डात्झ नावाच्या जर्मन मासिकाने १९८८ मध्ये फोटोसह नंबर द्यायला सुरुवात केली. एल म्हणजे लोरिकॅरिडी, हे या कुटुंबाचं नाव. एलडीए नंबर दुसऱ्या जर्मन मासिकाचे. नंबर ही काही जात नव्हे. एका जातीला तीन नंबर असू शकतात, आणि नंबर असूनही नाव नसलेले मासे ढीगभर आहेत.

आणि "एल-नंबर म्हणजे लाकूड खाणार" हा गैरसमज फार पसरलाय. झेब्रा प्लेको, एल-४६, हायपॅन्सिस्ट्रस या वेगळ्या गटातला आहे. त्याला मांसाहार लागतो. त्याला लाकूड आणि काकडीवर ठेवलं तर हाल हाल होऊन मरेल. म्हणून दात बघायचं ताईंनी आधी सांगितलं, ते महत्त्वाचं.

माझ्याकडे खरा रॉयल आहे, पॅनाक निग्रोलिनियाटस, एल-१९०. त्याच्याबद्दल सवडीने लिहितो.

जुनाजाणता

ठाण्यात टाक्या ठेवणारी आमची पिढी हे मासे स्वप्नातच बघायची, तेव्हा मिळायचे कुठे. असो. मुद्दा असा की या माशांच्या पोटात लाकूड पचवणारे जंतू असतात, वाळवीसारखे. लाकूड चांगलं भरपूर ठेवलं की बाकी काही लागत नाही. उगाच माशांच्या खाद्याच्या वेफर-बिफर घालून पाणी नासवू नका.

शेवाळताई

काका, जंतू आहेत हे खरं. १९९९ साली यांच्या आतड्यातून सेल्युलोज फोडणारे जंतू सापडल्याचं प्रसिद्ध झालं, आणि वाळवीचा दाखला तेव्हापासून फिरतोय. पण पुढे २००९ मध्ये डोनोवन जर्मन नावाच्या संशोधकाने लाकूड आत गेल्यावर पुढे काय होतं ते तपासलं. रंग दिलेलं लाकूड खायला घातलं, तर ते चार तासांच्या आत बाहेर आलं. आंबवून पचवायचं म्हणजे अन्न पोटात मुरायला हवं, इथे ते घाईघाईने पुढे ढकललं जातंय. आतड्यात तशी आंबवण्याची खास सोयही नाही. आणि निव्वळ लाकडावर ठेवलेल्या माशांचं वजन घटलं.

म्हणजे मासा लाकूड खातो, पण जगतो लाकडावर वाढणाऱ्या बुरशीवर, जंतूंवर, आणि कुजताना लाकडातून सुटणाऱ्या विद्राव्य पदार्थांवर. लाकूड कातरणं हा तिथवर पोचायचा मार्ग. दात त्यासाठीच आहेत. झिजतात आणि नवे येतात.

जुनाजाणता

प्रयोगशाळेतली गोष्ट वेगळी आणि नदीतली वेगळी. नदीत मासा कुठे वेफर खातो?

शेवाळताई

नदीत कुजलेलं ओंडकं असतं, महिनोन्महिने पाण्यात पडलेलं, बुरशीने आतपर्यंत पोखरलेलं. आपण दुकानातून आणतो ते उकळलेलं, वाळवलेलं, टणक. फरक तिथेच पडतो. नदीतही हा लाकडातून लाकूड कमी आणि त्यावरचा जीव जास्त घेतो, असंच त्या अभ्यासातून निघतं.

नेरुळी

काका, आमच्या रॉयलला सुरुवातीला तुमच्याच पद्धतीने ठेवलेलं पाहिलंय मी, म्हणजे ज्यांच्याकडून घेतला त्यांच्याकडे. टाकीत सुंदर लाकूड, दुसरं काही नाही. मासा उलटा केला तर पोट आत गेलेलं, छातीच्या हाडाची कड बोटाला लागत होती. डोळे पण खोल. आयात झालेल्या रॉयलमध्ये हे फार दिसतं. दुकानात विकत घेताना मासा काचेला चिकटू द्या आणि पोट बघा. सपाट चालेल, खड्डा नको. आत गेलेलं पोट आणि खोल डोळे एकत्र दिसले तर कितीही स्वस्त असला तरी सोडून या.

जुनाजाणता

बरं बाबा, वेफर घाला. पण जपून.

नेरुळी

आता रॉयलबद्दल, कारण दोघा-तिघांनी निरोप पाठवून विचारलं.

पहिली गोष्ट जागा. हा ४३ सेंटिमीटरपर्यंत जातो. वाढतो हळू, त्यामुळे लोक चार फुटी टाकीत घेतात आणि पुढचं पुढे म्हणतात. माझी सहा बाय दोन बाय दोन फुटांची आहे, साधारण ६८० लिटर. पाणी, काच, वाळू, दगड, स्टँड मिळून आठशे किलोच्या पुढे वजन. नेरुळच्या जुन्या इमारतीत असं काही ठेवण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनीयरला दाखवून घ्या. टाकी भिंतीलगत, खाली बीम असेल अशा जागी. सोसायटीच्या सेक्रेटरीला कळलं की गळतीची चौकशी आधी तुमच्याकडे येते, हे गृहीत धरा.

दुसरी गोष्ट फिल्टर. या माशाइतकी घाण करणारा मासा मी ठेवलेला नाही. रात्रभर लाकूड कातरतो आणि रात्रभर भुसा बाहेर टाकतो. सकाळी फिल्टरच्या तोंडाशी चहाच्या चोथ्यासारखा ढीग. कॅनिस्टरच्या (टाकीबाहेर ठेवायच्या डबा-फिल्टरच्या) इनलेटवर जाड स्पंज लावा, तो दर दोन-तीन दिवसांनी टाकीच्याच पाण्यात पिळून घ्या. नाहीतर आठवड्यात कॅनिस्टरचा प्रवाह अर्ध्यावर येतो. मी कॅनिस्टर दोन चालवतो, एकाच वेळी साफ करत नाही.

तिसरी, तो टाकीतल्या वस्तूंचा विचार करत नाही. काचेला काही होत नाही, पण ॲक्रिलिकच्या टाकीवर यांच्या दातांचे ओरखडे उठतात. माझ्या प्लास्टिकच्या पाइपवर ओळीने खुणा आहेत. अमेझॉन स्वोर्डची पानं एका रात्रीत जाळीदार. लाकडाला बांधलेलं अनुबियास टिकतं, पण मुळांच्या आजूबाजूचं लाकूड खाऊन तो रोप मोकळं करतो, आणि मग रोप तरंगायला लागतं.

स्वभाव: इतर जातीच्या माशांशी शांत, आपल्यासारख्या दुसऱ्या रॉयलशी अजिबात नाही. एक टाकी, एक रॉयल.

खवचट_खेकडा

म्हणजे भाडेकरू, पण घर खाणारा.

दुधीभोपळा

रॉयल किती प्रकारचे असतात? मला एकाने "वॉटरमेलन" दाखवला, एकाने "हिरवा रॉयल".

नेरुळी

एल-१९० ओरिनोकोचा. एल-३३० ला वॉटरमेलन म्हणतात. ब्राझीलचा एल-२७ बरीच वर्षं रॉयल म्हणूनच धरला जायचा, २०१० मध्ये त्याचं स्वतंत्र नाव झालं, पॅनाक आर्मब्रुस्टेरी. त्याच वर्षी अमेझॉनच्या खोऱ्यातल्या आणखी मोठ्या पॅनाकांनाही नावं मिळाली, त्यात एक टायटन आहे. निळ्या डोळ्यांचा पॅनाक कोक्लिओडॉन कोलंबियातल्या मॅग्डालेना नदीचा, तो इथे बघायला मिळणं म्हणजे लॉटरीच.

लहान वयात यातले बरेच सारखे दिसतात. दुकानदाराकडे आयातीचा कागद असेल तर देश कोणता ते बघा. नदी कळली की नाव निम्मं कळतं.

हायपोस्टोमसमध्येही लाकूड कातरणारा एक गट आहे, कोक्लिओडॉन गट. चमच्यासारखे दात त्यांनाही असतात. म्हणून नुसत्या दातांवरून पॅनाक म्हणू नका. दातांवरून एवढंच कळतं की लाकूड कातरणारा आहे. पुढचं ठिपके, रेषा, डोक्याची ठेवण यावरून. कोक्लिओडॉन गटातल्या बऱ्याच जातींवर ठिपके असतात, रॉयलवर लांब रेषा आणि क्लाउनवर आडवे पट्टे.

मानपाडा_मत्स्य

माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. लाकूड कोणतं घालायचं? दुकानातलं ड्रिफ्टवुड किलोवर मिळतं आणि भाव ऐकून घाम फुटतो. आमच्या मागेच खाडी आहे, भरती ओसरली की ओंडके पडलेले दिसतात.

शेवाळताई

खाडीतलं नको. एक तर ते खारं आणि खाडीत काय काय मिसळतं हे आपल्याला ठाऊक आहे. लाकूड सच्छिद्र असतं, आतपर्यंत मुरतं, उकळून जात नाही. दुसरं म्हणजे त्यात कांदळवनाचं लाकूड असेल तर कायद्याच्या कचाट्यात सापडाल. कांदळवनांना संरक्षण आहे, ठाणे खाडीत २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये ती खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली. तिथून काटकी उचलणं सुद्धा टाळा.

पेरूची वाळलेली फांदी उत्तम. जांभूळही चालतं. मे महिन्यात पावसाळ्याआधी सोसायट्यांत आणि रस्त्यांवर झाडांची छाटणी होते, तेव्हा पेरूच्या फांद्या फुकट मिळतात. माळ्याला विचारून घ्या की त्या झाडावर औषध मारलेलं नाही. साल काढायची, पूर्ण वाळवायची, ओलं लाकूड अजिबात नाही. मग मोठ्या पातेल्यात उकळायची, पाणी बदलत बदलत. बुडेपर्यंत बादलीत दगडाखाली ठेवायची.

चीक येणारी झाडं नकोत: फणस, चाफा, वड, उंबर, रुई. पॅकिंगच्या पेट्यांची फळकुटं नकोत. रंग, पॉलिश, वॉर्निश लावलेलं तर नकोच नको.

नेरुळी

यात एक भर. मोपानी नावाचं जड दुहेरी रंगाचं लाकूड मिळतं, दिसायला देखणं, पण फार टणक. माशाला कातरायला मऊ लाकूड लागतं. माझ्या टाकीत दोन्ही आहेत, मोपानीवर तो बसतो आणि पेरू खातो. जुनं झालेलं, बोटाने दाबलं की नख रुतेल असं लाकूड त्याला सर्वांत आवडतं. म्हणून लाकडावर सुरुवातीला पांढरी बुरशीसारखी साय येते ती घासून काढू नका. तेच तर त्याचं जेवण.

देशी बदामाची वाळकी पानं पण टाका. वाशी, नेरुळ, ठाणे, सगळीकडे रस्त्यावर पडलेली असतात. रहदारीच्या कडेची नको, बागेतली घ्या. लालसर, पूर्ण वाळलेली. पाणी चहाच्या रंगाचं होतं, काहींना ते आवडत नाही. मला आवडतं.

मानपाडा_मत्स्य

आणि भाज्या?

शेवाळताई

दुधी, दोडका, झुकिनी, काकडी, लाल भोपळा, रताळं. दुधी आणि दोडका थोडे वाफवून, रताळं कच्चं चालतं, ते टणक असतं म्हणून त्याला खरवडायला मजा येते. चकतीत काटा-चमच्यातला स्टीलचा काटा खुपसून तळाशी ठेवायची. रात्री टाकायची, सकाळी उरलेली काढायची, नाहीतर मे महिन्यात दुपारपर्यंत पाण्याला वास सुटतो. जोडीला वनस्पतीजन्य वेफर, आठवड्यातून कधीतरी थोडं प्रोटीनवालं खाणं. कोरींसाठी टाकाल त्यातलं त्याला मिळेलच.

दुधीभोपळा

"दुधी वाफवून" वाचून घाबरलो क्षणभर.

खवचट_खेकडा

दोन मिनिटं, जास्त नाही. गाळ होतो.

मानपाडा_मत्स्य

😂 पाण्याचं सांगा आता. आमच्याकडे महापालिकेचं पाणी येतं, पण एप्रिल-मेमध्ये टँकर. टँकरचं पाणी टाकीत घातलं की काचेवर पांढरे डाग पडतात.

नेरुळी

पांढरे डाग म्हणजे क्षार. टँकर बोअरवेलचा असणार. ओरिनोकोचं पाणी मऊ असतं. आम्ही नवी मुंबईकर सुखी, मोरबे धरणाचं पाणी बऱ्यापैकी मऊ आहे. ठाण्याला भातसा वगैरेचं येतं, तेही वाईट नाही. सह्याद्रीच्या पावसाचं पाणी शेवटी. क्लाउन थोडं कमी-जास्त सहन करतो, ६.५ ते ७.५ पीएचमध्ये मजेत राहतो. पण एका आठवड्यात नळाचं आणि दुसऱ्या आठवड्यात टँकरचं असा झटका देऊ नका. टँकरच्या दिवसांत नळाचं पाणी ड्रममध्ये साठवून ठेवा, किंवा थोडं थोडं बदला. पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर दोनशे-तीनशे रुपयांत मिळतो, घेऊन टाका.

पावसाळ्याच्या सुरुवातीला पाणी गढूळ येतं आणि क्लोरीनचा वास वाढतो. त्या दिवसांत अँटिक्लोरीनचा डोस नीट मोजून घाला, अंदाजपंचे नको.

शेवाळताई

पाण्यापेक्षा मला उन्हाळ्याची काळजी जास्त. पाणी २५ अंशांना हवेतला ऑक्सिजन लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम धरून ठेवतं, ३२ अंशांना ७.३ च्या आसपास. ठाण्यात मे महिन्यात बंद घरात टाकी ३२ सहज गाठते. त्यात लाकडाचा भुसा कुजतो, तो ऑक्सिजन खातो. हे मासे वाहत्या पाण्यातले. म्हणून उन्हाळ्यात फिल्टरचा आउटलेट पाण्याच्या पृष्ठभागावर वळवा, पृष्ठभाग सतत हलता राहिला पाहिजे. एअर पंप वेगळा. वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात ठेवा.

टाकीवर पंखा लावून पाणी गार होतं खरं, पण आपल्या दमट हवेत बाष्पीभवन कमी, त्यामुळे पुण्यात होतं तितकं होत नाही. त्यापेक्षा टाकी पश्चिमेच्या खिडकीपासून हलवा.

जुनाजाणता

ताई बरोबर बोलल्या. उन्हाळ्यात मासे मरतात ते उष्णतेने नाही, श्वासाने. बर्फाच्या पिशव्या टाकणाऱ्यांना मी हेच सांगत असतो.

मानपाडा_मत्स्य

क्लाउनची पिल्लं घरी होतात का? भाऊ म्हणतो जोडी करू.

शेवाळताई

होतात, हाच यांचा मोठेपणा. रॉयलची घरात पिल्लं झाल्याचं क्वचितच ऐकायला मिळतं, क्लाउनची होतात. नराच्या अंगाच्या मागच्या भागावर काट्यांची लव जास्त दाट असते, वयात आल्यावरच कळते. मादी वरून बघितली की पोटाशी रुंद. मातीची किंवा बांबूची एका बाजूने बंद नळी ठेवा, मासा जेमतेम आत जाईल इतकी. नर आत अंडी राखतो, शेपटीने पाणी हलवत बसतो. आठवडाभरात पिल्लं निघतात, आणि पिवळा पिशवीसारखा बलक संपेपर्यंत तिथेच राहतात. मग त्यांना लगेच मऊ, कुजकं लाकूड लागतं. नेरुळींनी सांगितलेली साय तेव्हा कामाला येते.

पण आधी एका माशाला मोठा होऊ द्या.

दुधीभोपळा

माझं काय? हा "रॉयल" माझ्या दोन फुटी टाकीत मावणार नाही हे आता कळलं. बायकोचं म्हणणं आहे की उपवन तलावात सोडून यावं. तलाव मोठा आहे, मजेत राहील.

शेवाळताई

अजिबात नाही.

नेरुळी

नको! हात जोडतो.

जुनाजाणता

याबाबतीत मात्र मी ताईंच्या बाजूने. ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात, उरलेत थोडे. त्यात सकर सोडू नका. टेरिगोप्लिक्थिस पोटातून हवा घेतो, ऑक्सिजन नसलेल्या घाण पाण्यातही तगतो. काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो, काठ ढासळतो. काटे आणि हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत असल्यामुळे आपले मासे त्याला खाऊ शकत नाहीत. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात आता सकर येतात, जाळी फाटतात आणि विकायला काही उरत नाही. बंगाल, आंध्र, केरळातही तेच रडगाणं. हे सगळे मासे कोणाच्या तरी टाकीतूनच सुटलेत ना?

दुधीभोपळा

बरं, बरं. नाही सोडत. माझ्या मेहुण्याचं पनवेलजवळ शेततळं आहे, तिथे?

शेवाळताई

शेततळं जुलैमध्ये भरून वाहतं का?

दुधीभोपळा

वाहतं. नाल्यात जातं.

शेवाळताई

मग तलावात सोडल्यासारखंच झालं.

खवचट_खेकडा

चला, आता दुकानदाराकडे परत देण्याचा पर्याय उरला. "राजा परत करतोय, साडेतीनशे द्या."

दुधीभोपळा

विचारलं. म्हणाला परत घेत नाही, बदल्यात दुसरा "रॉयल" देतो.

नेरुळी

दुधी, मला निरोप पाठवा. माझ्या ओळखीतल्या एकाची आठ फुटी टाकी आहे, ऑस्कर आणि मोठे सिक्लिड ठेवतो, त्याला असाच मोठा सकर हवा होता. त्याच्याशी बोलून ठेवतो. तोवर याला रोज भाजी आणि निम्मं पाणी बदलत राहा, दोन फुटीत हा घाण लवकर साचवेल.

मानपाडा_मत्स्य

माझ्याकडून ताजी खबर: पेरूची फांदी माळ्याकडून मिळाली, बादलीत बुडायला ठेवली आहे. रताळ्याची चकती टाकली होती. आधी कोरींनी घेरली. मग तो आला, थेट चकतीवर बसला आणि काट्यांचा झुपका फुलवला. कोरी पांगल्या. टाकीला कान लावला तर दात चालल्याचा आवाज येतो, कागदावर नख घासल्यासारखा. घरचे म्हणतात, रात्री दीड वाजता टाकीला कान लावणाऱ्याला आधी दाखवून घ्या.

शेवाळताई

त्या भुश्यासाठी बारीक तोंडाचा सायफन (पाणी ओढून काढायची नळी) वापरा, दर आठवड्याला लाकडाखालून ओढायचा. लाकूड हलवू नका, त्याखाली तोच बसलेला असतो.

दुधीभोपळा

नेरुळी, बोलणं झालं, रविवारी सकाळी मासा घेऊन येतोय. मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत, दोन पदरी, चालेल ना?

नेरुळी

पिशवी नको. याच्या बाजूच्या परांचे काटे पदर कितीही लावले तरी भोक पाडतात आणि पाम बीच रोडवर मांडीवर पाणी सांडेल. झाकणाची बादली घ्या, अर्धी भरा, झाकणाला भोकं पाडा. आणि आदल्या रात्री खायला घालू नका, बादलीत घाण कमी होईल.